उणे चाळीस

मेकॅनिक : उणे चाळीस, ताई. विश्वास बसत नसेल तर तुम्हीच वाचा.

मुलगी : काय उणे चाळीस?

मेकॅनिक : इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान. हा स्कॅनर म्हणतोय, तुमची गाडी बर्फात उभी आहे.

मुलगी : आणि मी इथे घामाने निथळतेय. म्हणजे सेन्सर पुन्हा गेला?

मेकॅनिक : नवा सेन्सर इतक्यात जात नाही. मी बसवलेला तर नाहीच नाही.

मुलगी : पहिल्यांदा तुम्ही म्हणालात सेन्सर खराब आहे. बदललात. डॅशबोर्डवरचा दिवा विझला. घरी नेली, दिवा हजर. मग म्हणालात वायर उंदराने कुरतडली.

मेकॅनिक : जुन्या गाडीत उंदीर असतोच, ताई.

मुलगी : वायर बदललीत. दिवा विझला. घरी नेली...

मेकॅनिक : दिवा हजर. कळलं हो! केस पांढरे झाले या धंद्यात, पण इतका निर्लज्ज दिवा बघितला नाही. इथे शहाण्यासारखा विझतो आणि तुमच्या फाटकात शिरला की पेटतो. माहेरी एक, सासरी एक.

मुलगी : तुम्हाला गंमत वाटतेय. रविवारी माझा आतेभाऊ गाडी न्यायला येणार आहे, सोमवारी मला परत कामावर जायचंय. आणि आईची एकच अट आहे, दिवा लागलेली गाडी द्यायची नाही.

आई : बरोबरच आहे. दुखणाईत गाडी कुणाच्या गळ्यात मारू नये.

मुलगी : आई, तू उतर ना खाली. केवढं उकडतंय आत. त्या बाकावर बस.

आई : मी इथे बरी आहे. तुमचं चालू दे.

मेकॅनिक : बसू द्या काकूंना. साहेब गाडी आणायचे तेव्हाही त्या याच सीटवर बसून असायच्या. साहेब माझ्या डोक्यावर उभे. पाना कसा धरायचा तेसुद्धा मला शिकवायचे.

आई : धरत होतात तसाच मुळी.

मेकॅनिक : ऐका! साहेब गेले, आता काकू ड्युटीवर आल्या.

मुलगी : उणे चाळीसचं बोला.

मेकॅनिक : बोलतो. मागच्या दोन्ही वेळा स्कॅनरवर नुसता बिघाडाचा कोड सापडला होता. तापमान बघावं तर अगदी बरोबर. चोर येऊन गेल्यावर पोलीस पोचावेत तसं. आज चोर घरातच आहे. उणे चाळीस म्हणजे सेन्सरला वायर जोडलेलीच नाही. जरा टॉर्च धरा. वर. अजून वर. ताई, माझ्या डोळ्यात नको, इंजिनावर धरा.

मुलगी : दिसलं काही?

मेकॅनिक : अरेच्चा.

मुलगी : काय झालं?

मेकॅनिक : सेन्सरच्या वायरची क्लिप काढलेली आहे. आणि तिला टोपी घातलीय.

मुलगी : टोपी?

मेकॅनिक : कापडाची. हे बघा. कडेला दुमड, बारीक टाके, आणि वरून दोऱ्याची गाठ. ताई, तुमच्याकडचा उंदीर शिवणकाम करतो.

मुलगी : बघू.

मेकॅनिक : काय सुबक हात आहे! माझी बायकोसुद्धा... काय झालं?

मुलगी : निळ्या चौकड्यांचा. बाबांचा शर्ट आहे हा.

मेकॅनिक : ओळखला मी. कोपराला ग्रीस लागलेला.

मुलगी : आई.

आई : काय गं?

मुलगी : तू तर म्हणालीस सगळे शर्ट देऊन टाकले.

आई : दिलेच की. एक सोडून.

मेकॅनिक : काकू! परवा फोन करून तुम्हीच विचारलंत ना, ही क्लिप सुटली तर गाडीचं काय बिघडतं म्हणून?

आई : आणि तुम्ही म्हणालात, बाकी काही नाही, पण क्लिपमध्ये धूळ गेली की कायमचं दुखणं लागतं. मग उघडी कशी ठेवणार? धुळीचा मला तिटकारा आहे.

मेकॅनिक : आणि मी बिचाऱ्या उंदरावर आळ घेतला!

आई : इथे यायच्या आधी मी परत लावून ठेवायची. आज हिने चहासुद्धा पिऊ दिला नाही. गाडी बाहेर काढून हॉर्न वाजवत बसली. टोपी काढणार कधी?

मुलगी : म्हणून आलीस होय आज माझ्याबरोबर.

आई : तुमची तोंडं बघायला आले.

मुलगी : पण आई, तुला साधं बॉनेट उघडता येत नाही.

आई : येतं. बॉनेट येतं आणि ती क्लिप येते. पुढचं काही येत नाही. तुझ्या बाबांनी तेवढंच शिकवलं.

मुलगी : बाबांनी?

आई : तुझ्या आत्याकडे जायचं नसलं की सकाळीच हळूच जाऊन क्लिप काढायचे. मग पाहुण्यांसमोर चेहरा पाडून, "काय करणार, दिवा लागलाय, रस्त्यात दगा दिला म्हणजे?" एकदा मी पकडलं, तेव्हा मला सामील करून घेतलं. लांबची लग्नं, बारशी, सगळी आम्ही त्या दिव्यावर ढकलली.

मेकॅनिक : आणि साहेब मला सांगायचे, तुझ्याकडे द्यायला वेळच मिळत नाही!

मुलगी : थांब. मी पहिल्यांदा हॉस्टेलवर जायला निघाले, तेव्हाही दिवा लागला होता.

आई : हो.

मुलगी : सामान भरून झालं होतं. दोन दिवस उशिरा निघालो आपण. मी केवढी चिडले होते. म्हटलं, भंगारात घाला ही गाडी.

आई : घरभर आदळआपट चालली होती तुझी.

मुलगी : बाबा नुसते हसत होते.

आई : त्या वेळी काही आत्याकडे जायचं नव्हतं.

मेकॅनिक : मी... जरा चहाचं बघतो.

आई : तुम्ही कुठे निघालात? आधी गाडी नीट करा.

मेकॅनिक : हे काय, लावली क्लिप. कोड पुसला. बघा, एकतीस अंश. दिवा विझला. खणखणीत गाडी आहे ताई, रविवारी डोळे मिटून द्या.

मुलगी : आई, मला सरळ सांगायचंस ना.

आई : काय सांगू? सगळ्यांसमोर मीच म्हटलं होतं, नुसती उभी राहून गंजेल, देऊन टाका. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू? आणि मला काही ती जन्मभर ठेवायची नाहीये. एवढ्यात नको, इतकंच.

मुलगी : चालवणार कोण?

आई : तू येशील तेव्हा तू. मी अशीच बाजूला बसेन. गप्प बसेन.

मुलगी : गप्प तू?

आई : बरं, थोडं बोलेन.

(मुलगी फोन लावते.)

मुलगी : हॅलो, दादा? अरे, रविवारी नको येऊस. नाही नाही, ठीक आहे आई. गाडीचंच. दिवा पुन्हा लागलाय.

मेकॅनिक : अहो ताई, विझला! हा काय माझ्या डोळ्यांसमोर...

आई : तुम्ही गप्प बसा हो.

मुलगी : हो, गॅरेजमध्येच आहे. ते म्हणतायत वेळ लागेल. काय करणार दादा, रस्त्यात दगा दिला म्हणजे? हो. कळवते. ठेवते.

आई : अगदी त्यांच्यासारखा चेहरा पाडलास.

मेकॅनिक : माझ्या हाताचं नाव गेलं की हो पार! आता काय करू, तेवढं तरी सांगा.

मुलगी : क्लिप काढा. आणि ही टोपी घ्या, घट्ट बसवा. धूळ जायला नको.