नवमीच्या दिवशी बसवलेला हूक

माहा बाप लोहार. नांदगाव खंडेश्वराकडं आमचं खेडं, तठी तो बैलगाडीच्या चाकाले लोखंडी धावा चढवे, वखराच्या पासीले धार लावे, अन् मी भाता हालवत बसो. मंग गाड्या कमी झाल्या, बैल बी कमी झाले, बाप म्हणे आता रबरी टायरले कोण धाव बसवणार हाये, चला. असे आमी परतवाड्यात आलो. मी वेल्डिंग शिकलो, बस स्टँडच्या मांगं पत्रे टाकून दुकान केलं. फाटकं, खिडक्या, ट्राल्या, पिकअपचे कॅरिअर, काय सांगू तुमाले, या तालुक्यात लोखंडाचं असं काम नसन जे माह्या हातून गेलं नाही. गर्व म्हणा तं गर्व. तो होताच मले, आता सांगाले काय लाज.

बापाचं एक सांगणं होतं, नवमीले हत्यार उचलायचं नाई. वर्सभर ते आपल्यासाठी झिजते, एक दिवस त्याले पाटावर बसू दे. नवमीच्या सकाई सारी हत्यारं धुवायची, पुसायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं, ते दसऱ्याच्या संध्याकाई उचलायची. हातोडा, छिन्नी, ड्रिल मशीन, ग्राइंडर, पाने, सारे पाटावर. वेल्डिंगची मशीन मातर भारी, भिंतीले बोल्ट मारलेली, ते काही पाटावर येत नाही. तिले जागेवरच कुंकू लावत होतो. हे आता नीट ध्यानात ठेवा, माहं सारं याच्यातच अडकलेलं हाये.

नामदेव माहा दोस्त. दोस्त म्हणजे कसा, मी परतवाड्यात नवा होतो तवाचा. त्याचं गाव अथून दोन कोस, माळ्याचं घर, भाजी अन् झेंडू करे. दर नवमीले माह्या पूजेची फुलं त्याच्याच वावरातली. बायको त्याची सुशिला, मी वैनी म्हणतो, ते मले भाऊजी म्हणे. पिकअप घेतली तवा नामदेवानं पहिले बायकोले चालवाले शिकवलं. गावात लोकं हासले, हा म्हणे हासा लेकहो, मी ट्रॅक्टर चालवीन अन् हे पिकअप, दोन गाड्या दोन डायवर, तुमचं काय जाते.

त्याले समोरचा हूक पायजे होता. मांगं हूक सारेच लावतात, याले समोर पायजे. फवारणीच्या पाण्याची टाकी होती त्याची, दोन चाकाची. ते मांगं बांधून झेंडूच्या तासात रिव्हर्स घ्याची म्हणजे मान मोडे, टाकी एकीकडं, गाडी एकीकडं, निम्मी झाडं चाकाखाली. कोणाच्या तरी मोबाइलवर त्यानं पाहिलं, समोर चौकोनी नळी बसवलेली, तिच्यात हूक सरकवायचा, आडवी पिन घालायची, झालं. टाकी डोयासमोर ढकलत न्या. म्हणे अन् गाडी चिखलात फसली तं वढाले बी कामी येते. काया मातीत पाऊस पडला तं गाडी कशी फसते तुमाले काय सांगा, चाक फिरते अन् गाडी खाली जाते.

म्या म्हटलं बसवून देतो, पण त्याची रीत हाये. बंपर काढायचा, चेसिसच्या दोनी बाजूले जाड प्लेट लावायची, भोकं पाडायची, बोल्ट आरपार घालायचे, मांगून लॉकनट. वढ चेसिसवर आली पायजे, बंपरच्या पट्टीवर नाही. बंपरची पट्टी म्हणजे दाखवाचं काम. हे मले माहीत होतं. मले माहीत नसतं तं गोष्ट येगळी होती.

आला लेकाचा नवमीच्या दुपारी. फुलाचं पोतं माह्या दुकानात ठेवलं, म्हणे मारोत, आज हूक बसव. म्या म्हटलं अरे आज नवमी, ड्रिल पाटावर हाये, दसरा झाला का ये. तो म्हणे उद्या पहाटे सारा झेंडू अमरावतीच्या बाजारात न्याचा हाये, वावराच्या रस्त्यात चिखल झाला, भरलेली गाडी फसली तं वढाची कशाले, समोर काहीच नाही बांधाले, अन् दसरा गेल्यावर झेंडू कोण घेते. खरं होतं त्याचं. माही बायको अंदरून म्हणे ड्रिलले हात नको लावू हं, आत्ता कुंकू लावलं.

मंग म्या शायनपणा केला. म्हटलं पाटावरचं तं नाही उचलत, पण मशीन कुठं पाटावर हाये, मशीन तं भिंतीले हाये. नेम बी पाळला अन् दोस्ताचं काम बी झालं. नळी प्लेटीले आधीच जोडून ठेवली होती. ते प्लेट म्या बंपर न काढताच त्याच्या पट्टीवर ठेवली अन् वेल्डिंगनं चिकटवली. रंग घासाले ग्राइंडर पायजे, ग्राइंडर पाटावर. रंगावरूनच टाके मारले. रंगावर मारलेला टाका वरून लय देखणा दिसते, पण धरत नाही. हे कोणताही वेल्डर सांगीन तुमाले, नवशिका बी सांगीन.

म्या त्याले काय सांगतलं, हेच मले आता आठवत नाही. दसरा झाला का ये, बोल्ट मारून देतो, एवढं म्हटलं, हे पक्कं. पण तवर याच्यानं गाडी वढू नको, हे म्हटलं का नाही म्हटलं? राती झोपताना वाटते म्हटलं. सकाई उठलो का वाटते नाही म्हटलं. तो घाईत होता, गाडी चालू करून बसला होता, मी काही तरी बोललो अन् त्यानं हात हालवला.

दसऱ्याच्या दिवशी फुलं भरून गाडी वावरातून निंगाली अन् फसली. नामदेवानं ट्रॅक्टर आणला, नायलॉनचा दोर बांधला, एक टोक ट्रॅक्टरले, एक माह्या हुकाले. वैनी पिकअपच्या स्टेरिंगवर. त्यानं सांगतलं मी झटका देतो, तू रेस दे. आमच्याकडं सारे झटकाच देतात, हयूहयू वढाले कोणाले सबूर असते? एक झटका देल्ला, दुसरा देल्ला. दुसऱ्याले माही प्लेट सुटली. नायलॉनचा दोर ताणला का रबरासारखा परत येते, तो प्लेट अन् हूक घेऊन गेला अन् ट्रॅक्टरवर नामदेवाच्या डोक्याले मांगून लागला. दवाखान्यात पोचलाच नाही तो. वैनी काचेतून पाहून राहिली होती. समोर काच, तिच्यासमोर सारं.

मले फोन आला, मी गेलो. वावरात फुलं सांडली होती, लोकं माणूस घेऊन गेले होते, प्लेट तठीच चिखलात पडली होती. उचलून पाहिली. माहे टाके जसेच्या तसे, सोलून निंगालेले, अन् टाक्याखाली गाडीचा रंग तसाच चिकटलेला, चकचकीत. म्या इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, कोणी नव्हतं. प्लेट थैलीत टाकली अन् दुकानात आणून टेबलाखाली भंगारात ठेवली. हे म्या केलं. चोरी म्हणा का काय म्हणाचं ते म्हणा.

तेरवीले गेलो. जेवाले पंगत बसली होती. वैनीची जाऊ सारायसमोर म्हणे, हँडब्रेक वढलेलाच ठेवला असन हिनं, बाईच्या हाती गाडी देल्ली तं असंच होते, हिनंच मारलं त्याले. अन् दोनचार माणसायनं मान हालवली. वैनी भिंतीले टेकून बसली होती. माह्यासमोर पान वाढलेलं होतं, खाली मुंडी घालून जेवलो. पोट भरून जेवलो.

चार वर्सं झाले. चार वर्सं वैनीनं पिकअपले हात लावला नाही. भाड्याच्या गाडीत फुलं धाडे. गावातून जाताना मी दुसऱ्या रस्त्यानं जाओ. अन् या साली, उन्हाया संपता संपता, सकाई दुकानासमोर पिकअप उभी. वैनीच चालवत आली. म्हणे भाऊजी, समोरचा हूक बसवून द्या, टाकी ढकलाले माणूस नाही माह्याजवय. काय करावं? बसा म्हटलं. बंपर काढला, चेसिस पुसली, ड्रिल हातात घेतली, पहिलं भोक पाडलं.

ते स्टुलावर बसून बोलाले लागली. म्हणे भाऊजी, तुमी जाणते म्हणून इचारतो, हँडब्रेक वढलेला असला तं एवढी वढ लागते का? मले आठवतच नाही म्या सोडला होता का नाही. चार वर्सं रोज तठी जाऊन बसतो मनात, हात ब्रेकवर नेतो, अन् पुढचं आठवत नाही. म्हणे मीच मारलं असन का हो त्यायले?

ड्रिल बंद केली म्या. टेबलाखालून प्लेट काढली, तिच्यासमोर ठेवली. म्हटलं वैनी, हँडब्रेक वढलेला असता तरी बोल्ट मारलेला हूक निंगाला नसता. हे पाहा, रंगावर मारलेले टाके. नवमी होती, ड्रिल पाटावर होती, मी आळशी नव्हतो, मी शायना होतो. तुमचं काही नाही याच्यात, सारं माहं हाये. रडाले लागलो मी, पन्नाशी पार केलेला माणूस, रस्त्यावरच्या दुकानात.

ते रडली नाही. प्लेट हातात घेतली, बोटानं तो रंग पाहिला. मंग म्हणे, तेरवीले तुमी होते ना? म्हटलं होतो. म्हणे जाऊबाई बोलली तवा तुमी जेवून राहिले होते. म्हटलं हो, जेवून राहिलो होतो. मले वाटलं शिव्या देईन, पायातली काढीन. देल्ली असती तं बरं झालं असतं. म्हणे बंपर लावून द्या. एक भोक पाडलेलं तसंच राहिलं, बंपर लावून देल्ला, गाडी चालू केली अन् गेली. प्लेट घेऊन गेली.

मी दुसऱ्या दिवशी तिच्या गावात गेलो. पारावर दहा माणसं होती, जाऊचा नवरा बी होता, साऱ्यायले सांगतलं, चूक माही, तिची नाही. एक म्हातारा म्हणे जाऊ दे मारोत, चार वर्सं झाले, आता कायले उकरतं? कोणाले आयकाचंच नव्हतं. जाऊच्या घरी बी जाऊन सांगतलं. ते चूल फुकत होती, वर पाहिलं नाही तिनं. बाईले दोष द्याले तेरा दिवसं पुरले, काढून घ्याले कोणी तयार नाही.

आता नवमीले माही हत्यारं पाटावरच असतात, अन् मशीनचं बी मेन स्विच काढून ठेवतो. त्या दिवशी कोणी कितीही अडलेला आला तं हात जोडतो. चार दिवसाआधी बाजारात गेलो, तं वैनीची पिकअप उभी, झेंडूनं भरलेली. समोर हूक. दुसऱ्या कोणाकडून बसवला. मले राहवलं नाही, खाली वाकलो, पाहिलं. जाड प्लेट, चेसिसवर, माहं ते भोक बी त्यानं कामात घेतलं होतं, बोल्ट आरपार, लॉकनट. चांगलं काम होतं, माह्यापेक्षा चांगलं. उठलो तं वैनी मांगं उभी, हातात फुलं. वीस वर्सं भाऊजी म्हणाली ते, दुकानात हूक बसवाले आली तवा बी भाऊजीच म्हणाली. आता म्हणे, मिस्त्री, बराबर बसवला का?

बराबर हाये, म्हटलं, तुटत नाही. तिनं मान हालवली अन् गिऱ्हाइकाकडं वयली. देव तिच्या गाडीले सांभायो, तिच्या हाताले बळ देवो. मिस्त्री म्हणाली, ते बरोबरच हाये, माहा तेवढाच हक्क उरला. पण इचारलं तिनं मलेच.