बिनलेबलाचे डबे

आई : हे वाटाणे आहेत?

बाबा : खोक्यावर तसं छापलंय.

आई : खोक्याचं विचारत नाहीये मी. या वाडग्यात काय आहे?

मुलगी : अननस! आई, पाकातल्या अननसाच्या चकत्या!

बाबा : एखादा चुकून गेला असेल मध्ये. दुसरा फोड.

आई : हा दुसराच आहे. पहिल्यातून टोमॅटोचा रस निघाला. वाटाण्यांसाठी कांदा परतून ठेवलाय मी. त्यात आता अननस ढकलू?

बाबा : अगं, डबे एकदम ठणठणीत आहेत. त्या दुकानदाराच्या गोदामात नळ फुटला, लेबलं भिजून निघून गेली, म्हणून मातीमोलाने काढले त्याने. मी एकेक तपासून घेतलाय. पोचा नाही, फुगवटा नाही, गंज नाही. तारीखसुद्धा बुडावर ठोकलेली आहे.

आई : तारीख पाहिलीत. आत काय आहे ते नाही पाहिलंत.

बाबा : ते बघायची गरजच नव्हती. खोकं आमच्या छापखान्यातलं आहे! त्याच्यावरचा हिरवा रंग मी स्वतः मिसळलाय. रस्त्याच्या पलीकडून ओळखला. म्हटलं, वाटाण्यांचं खोकं आहे म्हणजे आत वाटाणेच असणार.

आई : अहो, रिकामी खोकी दुकानदार कशालाही वापरतात. आपल्या माळ्यावरच्या टीव्हीच्या खोक्यात काय आहे?

मुलगी : स्वेटर.

आई : बघा. हिला कळतं.

बाबा : माझं पोट छापलेल्यावर चालतं. मीच त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, तर कोण ठेवणार?

आई : आठवड्याच्या वाणसामानाचे सगळे पैसे यात घातलेत?

बाबा : सगळे नाही काही. तांदूळ, तेल, दूध एवढ्यापुरते ठेवलेत बाजूला.

मुलगी : म्हणजे जमलं! आई, तू म्हणाली होतीस. या आठवड्याचं सामान कमी पैशात बसलं, तर मावशीकडच्या ताईला सुट्टीत बोलवायचं.

आई : सामान बसलं तर, असं म्हणाले होते. हे सामान नाही, ही सोडत आहे. मावशी आज तिकीट काढणार आहे. मी संध्याकाळी तिला फोन करून सांगते, यंदा नको पाठवूस.

मुलगी : आई! ती दर सुट्टीत येते!

आई : म्हणूनच. दर सुट्टीत नीट खाऊनपिऊन जाते. यंदा तिच्या ताटात काय वाढायचं हे मलाच माहीत नसेल तर कसं बोलावू?

मुलगी : मी ओळखून दाखवते ना! हा घ्या. खळखळ आवाज येतोय. हा... याच्यात काहीच हलत नाहीये. बाबा, इस्त्रीचं टेबल घेऊ का?

बाबा : घे, पण इस्त्री ठेव बाजूला. काय करणार आहेस?

मुलगी : घसरगुंडी. या बाजूखाली दोन उश्या लावल्या की झालं. दोन डबे आडवे ठेवायचे आणि एकदम सोडायचे. शर्यत!

आई : फरशीवर आपटले तर पोचे येतील. खाली गोधडी टाक.

मुलगी : एक, दोन, तीन! ए, हा किती पुढे गेला! बाबा, तुम्ही ढकललात का?

बाबा : मी हातसुद्धा लावला नाही. परत सोड.

मुलगी : परत तोच! दोन्ही डबे तर सारखेच आहेत.

आई : बाहेरून सारखे आहेत. आण बघू इकडे. दोन्हींचं वजनही जवळजवळ सारखंच. मग बरोबर आहे.

मुलगी : काय बरोबर आहे?

आई : जो पळतो त्याच्यात पातळ काहीतरी आहे. डब्याचा पत्रा गोल फिरतो, पण आतलं पाणी त्याच्याबरोबर फिरायचे कष्ट घेत नाही, ते नुसतं खाली येतं. दुसऱ्यात घट्ट ठासून भरलेलं आहे. त्याला पत्र्याबरोबर सगळंच्या सगळं फिरावं लागतं. म्हणून तो मागे राहतो.

बाबा : आली हिची प्रयोगशाळा! दिवसभर डेअरीत दुधातलं पाणी शोधायचं आणि घरी आल्यावर डब्यातलं.

आई : तुम्ही वाटाणे आणले असतेत तर ही वेळ आली नसती. हं, सोड गं पुढचे दोन. सरळ धर, तिरके नको. एकाच वेळी बोटं उचल.

मुलगी : मी नावं ठेवली! हे पळणारे, हे चालणारे आणि हे रांगणारे. पळणाऱ्यांत रस किंवा सार. चालणाऱ्यांत पाणी आणि तुकडे. अननस चालणारा असणार. रांगणाऱ्यांत काय?

आई : काहीतरी गच्च. वाटलेलं किंवा शिजवून दाबलेलं. एक फोडून बघू. नमुना घेतल्याशिवाय बोलू नये.

बाबा : मी फोडतो. माझे डबे आहेत. अहाहा, वास बघा! मासळी आहे. मऊ शिजवलेली. थांबा, चव घेतो. ...मीठ जरा कमी आहे. पण छान आहे हं. यात परतलेला कांदा घातलास ना –

मुलगी : बाबा, झाकण बघा. त्याच्यावर काहीतरी उमटवलंय.

बाबा : काय आहे? फूल?

मुलगी : मांजराचं तोंड. मिशा पण आहेत.

आई : अहो, थुंका!

बाबा : गिळलं.

आई : गिळलंत!

बाबा : चांगलं करतात गं मांजरांचं. आपल्याकडेच मिठाचं प्रमाण जास्त आहे बहुतेक.

मुलगी : बाबा, म्याव करा!

आई : हसू नकोस गं तू... मला पण... अहो, पाणी प्या आधी. बाकीच्या डब्यांची झाकणं बघा सगळी.

बाबा : बघितली. मिशा असलेले हे एवढेच. ते जिन्यातल्या मनीचे. रांगणारे बाकीचे माणसांचे. आता तरी सांग, ताईला बोलवायचं ना?

आई : नाही.

मुलगी : का? तू आत्ता हसलीस!

आई : हसले म्हणून काय झालं? मागच्या सुट्टीत आपण तिला रोज तरणतलावावर नेत होतो. येताना आइस्क्रीम. ती घरी जाऊन आईला सगळं सांगते. यंदा काय सांगेल, मावशीकडे मांजराच्या डब्याची शर्यत लावली?

बाबा : एक मिनिट. तुझ्या बहिणीला माहीत नाही?

आई : काय?

बाबा : माझं काम अर्ध्यावर आलंय ते.

आई : विषयच निघाला नाही.

बाबा : रोज फोन होतो तुमचा. शेजारणीच्या भाचीचं लग्न मोडलं त्याचा विषय निघतो.

आई : मग काय सांगू? ती लगेच पैसे पाठवेल. आणि पाठवून वर विचारेल, मिळाले का म्हणून. लहान असून ती माझी काळजी करणार, हे मला नकोय.

बाबा : तासांची कपात छापखान्याने केली. मी लपवत नाही कुणापासून. वाण्यालासुद्धा सांगितलंय.

आई : तुम्ही वाण्याला पण सांगता, मांजराचं खाल्लेलं पण सांगाल. मी नाही तशी.

मुलगी : आई, ताईला तरणतलाव आवडतच नाही.

आई : कोण म्हणालं?

मुलगी : तीच. पाण्यातल्या औषधाने तिचे डोळे चुरचुरायचे. तुला वाईट वाटेल म्हणून रोज जायची. तिला गच्चीवर ओल्या चादरीचा तंबू करून आत लोळायला आवडतं. आणि कपडे धुवायच्या टपात पाय सोडून बसायला. पाऊसच पाडायचा म्हणाली होती यंदा, नळीला भोकं पाडून.

आई : माझ्या नळीला?

मुलगी : जुन्या. बाबांनी कबूल केलंय.

बाबा : मी विचार करतो एवढंच म्हणालो होतो.

आई : रोज जायची, बिचारी. मला वाईट वाटेल म्हणून?

मुलगी : हो. तू पण तशीच आहेस.

आई : कशी?

मुलगी : तशीच. मावशीला काय वाटेल, म्हणून सांगत नाहीस.

बाबा : आता यावर नमुना घ्यायला नको. फोन दे गं तिच्या हातात.

आई : द्या. आणि दोघं समोर उभे राहू नका तोंडाकडे बघत. तुम्ही डबे लावा फळीवर.

(आई खिडकीपाशी जाऊन फोन लावते. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

आई : मीच गं. तिकीट काढलंस? ... काढू नकोस असं नाही, आधी ऐक. ह्यांचं काम अर्ध्यावर आलंय. ... छापखान्यात. ... हिवाळ्यापासून. ... नाही सांगितलं. ... हो, रागाव, पण नंतर. पैसे पाठवायचे नाहीत, हे आधी कबूल कर. ... तर यंदा तरणतलाव नाही, बाहेर फिरणं नाही. गच्चीवर तंबू आणि टप. चालेल का तिला? ... काय? ... बंद? तुझं शिवणाचं दुकान बंद? ... केव्हापासून? ... अगं, मग रोज फोनमध्ये मशीनचा आवाज यायचा तो? ... घरच्या मशीनचा. ... आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?

मुलगी : बाबा, मावशीने पण नव्हतं सांगितलं?

बाबा : श्श. डबे लाव.

आई : रडू नकोस. मी रडत नाहीये, सर्दी आहे मला. ... हो, बहिणीच आहोत, दिसतंय ते. ... ऐक. एक तिकीट नको काढूस, दोन काढ. तूही ये. ... मशीन काही पळून जात नाही. ये गं, आठवडाभर तरी. ... नाही, काही आणू नकोस. ... जेवायला? ... ते अजून आम्हालाही माहीत नाही.