काजलला मी सोड म्हणालो

*शिक्रापूरच्या मैदानावर विलास साळवे यांनी सांगितलेलं*

माझा जन्म दौंडचा, रेल्वे क्वार्टरमधला. वडील गँगमन, म्हंजी रुळावरच्या कामाला, आन् क्वार्टरच्या मागंच ग्राउंड, तिथं सांजच्याला मोठी माणसं फुटबॉल खेळायची, तर आमच्या हातात बॅट यायच्या आधी पायात बॉल आला. मी पहिल्यापासनं बॅक. बॅक म्हंजी काय, तर आपल्या गोलपुढं उभं ऱ्हायचं आन् समोरच्याला जाऊ द्यायचं न्हाई, बास. गोल मारणाऱ्याला लोक खांद्यावर घेत्यात, बॅकला कोण इचारत न्हाई, पर मला त्येच आवडायचं, का आवडायचं ते आजबी सांगता यायचं न्हाई.

मग ती सोलापूरची मॅच. रेल्वेत खेळाडूंची भरती व्हती, साहेब लोक बघाय आलेले. शेवटाला समोरचा गडी एकटाच बॉल घेऊन सुटला, आमचा कीपर पार बाजूला पडलेला, मी पळत आलो आन् पाय आडवा घातला. बॉल अडला. पर गुडघा गेला. आम्ही जिंकलो, पोरांनी मला तसंच उचलून नाचवलं, आन् काय सांगू तुम्हाला, त्या दुखण्यात बी मला लई भारी वाटत व्हतं. साहेब म्हणले, ह्याला घ्यायचाच. आन् पुढं मेडिकलला त्याच गुडघ्यापायी नापास केला. वडील म्हणले, इलास, एक गोल झाला असता तर काय झालं असतं रे. माझं बरोबर झालं का चुकलं, मला तवाबी कळलं न्हाई.

मग सणसवाडीला कंपनीत लागलो, शिक्रापूरला खोली केली, लगीन झालं. सुट्टीच्या दिवशी पोरांना शिकवाय लागलो, पर पोरं टिकंनात, क्रिकेटकडं पळत्यात, तवा पोरी आल्या. त्यातली ही काजल. आई-बाप बिहारकडचे, दोघं कंपनीत, पोरगी हितंच वाढलेली, उंच, बोलायला कमी. तिला मी बॅकला उभी केली. मला जे येत व्हतं त्येच शिकवलं, जाऊ द्यायचं न्हाई.

यंदा पोरींच्या स्पर्धेची फायनल निघाली दौंडला. बरोबरीत चाललेली मॅच, आन् समोरची पोरगी सुटली, आमची कीपर लई पुढं आलेली, काजल तिरकी धावली. ती पाय घालणार हे मला तिच्या खांद्यावरनंच कळलं. आन् माझ्या तोंडातनं निघालं, सोड, काजल सोड. ती थांबली. गोल झाला. हरलो.

काजल सरळ माझ्याकडं आली. म्हणली, सर, अडवला असता मी. तुम्हीच म्हणता ना जाऊ द्यायचं नाही, मग सोड का म्हणालात. मी खाली वाकून बॉल गोळा कराय लागलो. परतीच्या जीपमधी ती माझ्यापासनं लांब, पार मागं जाऊन बसली.

मग ती यायचीच बंद झाली. एक दिवस मॅचचं ऐकून तिची आई माझ्या खोलीवर आली, पोरीला घेऊन. म्हणली, सर, आपने इसका पैर बचाया, हम तो डर ही गए थे. आन् मागनं काजल म्हणती, मम्मी, कुछ नहीं होता, मैं निकाल लेती. आता बघा, आई पाया पडाय लागली आन् पोरगी माझ्याकडं बघंना. कुणाचं खरं धरायचं. माझा गुडघा गेला म्हणून तिचा जाणार व्हता व्हय. ती माझ्यापेक्षा चपळ हाय. मी तिला वाचवली का माझं भ्या तिच्या पायात घातलं, जे झालंच न्हाई त्याचं कसं कळणार.

थोड्या दिवसानं काजल आली आपसूक. बूट बांधता बांधता म्हणली, पुढच्या वेळी अडवू का सोडू, आत्ताच सांगा. मी म्हणलो, मला म्हाईत न्हाई. तुला दिसंल तसं कर, मी गप उभा ऱ्हातो. तिनं मान वर केली, म्हणली, कोच असं बोलतात का.

परवा शिरूरला मॅच झाली. ती दोनदा बिनधास्त घुसली, बॉल घेऊन बाहेर आली, मी तोंडावर हात दाबून उभा. आन् एकदा तिनं आपणहून सोडला, गोल बसला. म्हणलं, का गं सोडलास. तर म्हणती, पोचलेच नसते सर. एवढं साधं. आन् मी सारा जन्म अडवू का सोडू ह्यावरच अडून बसलेलो.

आता ती बारक्या पोरींना बॅकला उभं ऱ्हायला शिकवती, मी बाजूला बसून ऐकतो. त्येंचे पाय धड राहू दे आन् त्येंना मन भरून खेळू बी दे. ह्या दोन गोष्टी एकदम मागता येत्यात का न्हाई, मला ठाऊक न्हाई. पर मी मागतो.