पोरी पहिल्या पंगतीला

आधी तक्रार, मग नमस्कार. शाल घालताना, नारळ देताना टाळ्या झाल्या, त्या मीही वाजवल्या. पण या पडद्याच्या कडेला सकाळपासून ज्या पोरी पाण्याचे तांबे घेऊन उभ्या आहेत, त्यांना कुणी बसा म्हणालं का? याच पोरी पहाटे पळायचा सराव करून आल्या. मग त्यांनी मंडप झाडला, सतरंज्या अंथरल्या, पाहुण्यांना चहा दिला. त्यांच्या पोटात काय आहे, हे कुणी विचारलं का? मी विचारलं. एक म्हणाली, "आज्जी, चहा पिलाय की." मागं भट्टीवर मेथीची भाजी शिजून राहिली, वास इथवर येतोय. पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर या पोरींच्या वाट्याला कढईचं बूड येणार, हे मलाही माहीत आहे अन् तुम्हालाही.

असो. आता रीतीनं. आजच्या सभेचे अध्यक्ष, शाळा समितीचे प्रमुख अन् नात्यानं माझे चुलत दीर चंद्रप्पा भावजी, हेडमास्तर किशनराव, लातूरच्या दवाखान्यातून धूळ खात आलेल्या डॉक्टरीण तारामतीबाई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते खेळाचे मास्तर रामकिशन सर, खुर्चीवरचे बापे, सतरंजीवरच्या बाया अन् उभ्या असलेल्या पोरींनो, तुम्हा सगळ्यांना मल्लम्माचा शरणार्थी, म्हणजे आमच्यातला नमस्कार.

किशनराव मला म्हणाले, "मल्लम्माबाई, जरा पुस्तकी बोला, पाहुणे आहेत." मी दुसरी शिकलेली. तिसरीत बापानं म्हशीमागं धाडलं. म्हशीला पुस्तकी बोलणं कळत नव्हतं, म्हणून ते राहून गेलं. जमेल तेवढं बोलते.

रामकिशन सर आपल्या रेणापुरात आले, त्याच साली लातूरचा नवा जिल्हा झाला. बाप्यांना वाटलं, आता कचेरी जवळ आली. आम्हा बायांना वाटलं, आता पाणी जवळ येईल. कचेरी आली. पाण्यानं मात्र तेव्हापासून तोंड फिरवलं ते फिरवलंच. नदी आटली, आड आटले, आठवड्यातून दोनदा टँकर येऊ लागला. त्या कोरड्या नदीत सरांनी फक्कीच्या रेघा मारल्या अन् म्हणाले, इथं पोरं पळतील. दुष्काळानं आपल्याला काही दिलं असेल तर ते तेवढं मैदान. पुढं म्हणाले, पोरीही पळतील. तेव्हा पारावर लई हसणं झालं. एकजण म्हणाला, "पळाया शिकल्या तर घरी कोण राहील?" तो आज तिसऱ्या खुर्चीवर बसला आहे. नाव घेत नाही, शाल त्यालाही मिळाली आहे.

माझी नात सिंधु, माझ्या बसवंताची पोरगी, पहिल्याच दिवशी तिनं वरच्या वर्गातल्या पोरांना मागं टाकलं. सर घरी आले. म्हणाले, "आज्जी, ही पोरगी नव्या जिल्ह्याच्या पळण्याच्या पहिल्या तुकडीत जाईल. मी शब्द देतो." मी म्हणाले, "शब्द नका देऊ सर, परत पाठवा म्हणजे झालं. चुलीपाशी काम हाय." पण खरं सांगू? बरं वाटलं. आमच्या घरात कुणी कधी कशात पहिलं आलं नव्हतं.

सिंधु पळते हे गावाला कळलं, अन् गावानं काय केलं? टँकरला जुंपली. माळावर टँकरचा भोंगा वाजला की सिंधु सुटायची. आमची घागर, शेजारची घागर, वरच्या आळीतल्या बाळंतिणीची घागर, सगळ्यांच्या घागरी तिनं रांगेत पुढं नेऊन मांडायच्या. बाया म्हणायच्या, "मल्लम्मा, तुझी नात म्हंजे गल्लीची मोटार हाय." मोटारीला तेल घालावं लागतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पोरगी पळते म्हणजे तिच्यात ताकद उरून सांडते आहे, अशी आपली समजूत.

आता आमच्या घरची रीत ऐका. आमच्यात लिंगपूजा झाल्याशिवाय अन्नाला हात लावत नाहीत. अंघोळीशिवाय पूजा नाही. पाण्याशिवाय अंघोळ नाही. अन् पाणी टँकर आल्याशिवाय नाही. म्हणजे पोरगी अंधारात उठायची, कोरा चहा ढोसून नदीत पळायची, तिथून टँकरवर, तिथून घरी. मग अंघोळ, मग पूजा. तोवर शाळेची घंटा. मग उभ्या उभ्या चहात भाकरी बुडवून दोन घास. दुधाची म्हैस विकलेली, डाळ महाग. रात्री आधी बापे जेवणार, मग पोरं, मग आम्ही. कधी पालेभाजी मिळालीच तर ती आमच्यापर्यंत येता येता तिचा नुसता रस्सा व्हायचा. देवानं ही रीत अशी सांगितली नव्हती. देव म्हणाला होता, आधी माझी आठवण काढ. पोरीला उपाशी पळव असं तो कुठं म्हणाला? पण दुष्काळ अन् रीत यांची गाठ कशी पडली, ते आमच्या ध्यानात आलं नाही.

पुढं शाळेतले खडू नाहीसे होऊ लागले. तुम्ही हसताय, हसा. सरांनी चोर धरला. सिंधु. खिशात खडू, दाताला पांढरं. सर म्हणाले, "खडू कशाला चोरतेस?" ती खाली बघत म्हणाली, "खाऊ वाटतंय, सर." खडू खाऊ वाटतो, हे कोण खरं मानील? सरांनी शिक्षा म्हणून तिला नदीत जादा फेऱ्या मारायला लावल्या. त्यानंतर ती मागं पडू लागली, तर आळशी झाली म्हणून आणखी फेऱ्या. सर, मान खाली घालू नका. तुमच्याच समारंभात सांगते आहे, तुमच्या पाठीमागं नाही. घरी मी तरी काय केलं? पोरगी भिंतीचा पोपडा चाटताना दिसली तर म्हणाले, "माती खातीस, पोटात जंत हायत," अन् कडू काढा पाजला.

मग लातूरला निवडीची शर्यत झाली. नवा जिल्हा, नवं मैदान, नवे झेंडे. मी पहिल्यांदा एसटीनं लातूरला केवळ बघायला गेले, नाहीतर दवाखान्याशिवाय कोण जातं? सिंधु पुढं होती. शेवटच्या वळणावर ती खाली बसली. पडली नाही. बाई दळायला बसावी तशी, पळता पळता बसली. सर ओरडून राहिले, "ऊठ सिंधु, ऊठ, थोडंच हाय." मागच्या पोरी तिला वळसा घालून निघून गेल्या. ती त्यांच्याकडं बघत होती, जणू कुणाची वरात चाललीय.

तिथं मैदानावर तारामतीबाई होत्या. त्यांनी पोरीची खालची पापणी ओढून बघितली अन् मला बोलावलं. "आज्जी, हे बघा." आत लाल काहीच नव्हतं, वहीच्या कागदागत पांढरं. मग बाई माझ्यावर अन् सरांवर एकदमच बरसल्या. म्हणाल्या, रक्तात लोखंड लागतं. पळणाऱ्याला ते जास्त लागतं. घामावाटे थोडं जातं. टाचा आपटून आपटून रक्तातले बारीक कण फुटतात, त्यात थोडं जातं. वयात आलेल्या पोरीचं महिन्याच्या महिन्याला जातं ते वेगळंच. लोखंड कमी पडलं की काहींना माती, खडू असलं खाऊ वाटतं. तेव्हा सरांनी डोक्याला हात लावला.

मी म्हणाले, "लोखंड? मंग घरी टिकाव हाय, चाटवू का?"

बाई म्हणाल्या, "चाटवू नका. लोखंडाची कढई असंल तर तिच्यात भाजी शिजवा, अन् ती भाजी पोरीच्या ताटात वाढा. वरून लिंबू पिळा. जेवणासोबतचा चहा बंद करा, तो अन्नातलं लोखंड अंगी लागू देत नाही."

कढई होती. माझ्या सासूची. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, हलकी पातेली गावात आली तेव्हा आम्ही बायांनी हौसेनं कढया भंगारात दिल्या, त्यात तीही गेली. घासायला सोपं पडलं. पोरी पांढऱ्या पडल्या ते दिसायला वेळ लागला.

आडाचं उदाहरण देते, ते मला कळतं. उपसा वाढवला अन् झरा बुजवला, तर मोट कोरडीच वर येणार. त्यात मोटेचा दोष काय? सरांनी उपसा वाढवला, आम्ही घरी झरा बुजवला. अन् शिव्या खाल्ल्या त्या पोरीनं.

परतीच्या गाडीत सिंधु मला जे म्हणाली ते ऐका. म्हणाली, "आज्जी, मला वाटलं सगळ्या पोरींचंच असं व्हतंय. पळताना डोळ्यापुढं अंधारी येती, छाती धडधडती, ते सगळ्यांचंच असतंय, अन् तरी त्या पळतेत. मीच कच्ची हाय." सांगा बरं, एखाद्या पोरीला असं का वाटावं? तिला कुणी विचारलंच नव्हतं म्हणून.

बाईंनी गोळ्या दिल्या. काही महिने पळणं बंद. मग हळूहळू चालणं, मग पळणं. पोरगी भरली, गालावर रंग आला, खडू सुटला. नदीत पुन्हा सगळ्यांच्या पुढं गेली. पण तोवर तिचं वय अटीबाहेर गेलं होतं. नव्या जिल्ह्याच्या पहिल्या तुकडीची यादी लागली, छापून आली, तिच्यात आपल्या गावचं नाव नाही. ते आता कधीच येणार नाही, कारण पहिली तुकडी एकदाच असते. सिंधु रडली नाही. ती आत्ता मागं भट्टीवर मेथी हलवून राहिली.

सरांनी मग काय केलं ते गावानं बघितलं आहे. बाजारातून लोखंडी कढई आणली, शाळेत ठेवली. पळून आल्यावर पोरींना उकडलेले हुलगे, कधी हरभरे, वर लिंबू. तिमाहीला डॉक्टरीणबाईंना बोलावून सगळ्या पोरींच्या पापण्या बघणं. अन् खडू कुणी खाल्ला तर शिक्षा नाही, विचारपूस. माणूस असा शिकून तयार झाला, अन् त्याची बदली धर्माबादला. मास्तर लोकांचं हे असंच. आमच्या पोरींवर शिकतात अन् शिकलेलं दुसऱ्या गावाला नेतात. न्या सर. धर्माबादच्या पोरी तरी वळणावर बसणार नाहीत.

आता मूळ गोष्ट. मघाशी अध्यक्षांच्या भाषणात चंद्रप्पा भावजी म्हणाले, सर जातायत, तेव्हा सोमवारपासून पोरींचं पळणं बंद. पळून पोरींचं रक्त आटतं, हे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं आहे. बाई शेजारीच बसल्या आहेत. बाई, तुम्ही असं म्हणालात? बघा, नाही म्हणून मान हलवून राहिल्या. त्या म्हणाल्या होत्या, पळणाऱ्या पोरीला जास्त खाऊ घाला. भावजींनी त्यातलं पळणं तेवढं ऐकलं. खाऊ घालणं खर्चाचं असतं, ते कानाबाहेर राहतं. बैल थकला तर आपण नांगर मोडतो की पेंड वाढवतो? अन् पळणं बंद केलं तरी टँकरच्या मागं पळणं बंद होणार आहे का? ते तर तुम्हाला पाहिजेच. म्हणजे पोरींनी घागरीसाठी पळावं, स्वतःसाठी पळू नये.

भावजी मला घड्याळ दाखवून राहिले. "वैनी, भाजी गार व्हती," म्हणताहेत. होऊ द्या. आम्ही जन्मभर गारच खाल्ली आहे.

मेथी भावजींच्याच मळ्यातली आहे. गावात एकाच आडाला पाणी उरलं ते त्यांच्या. त्याबद्दल मनापासून उपकार मानते. रामकिशन सरांचे उपकार मानते, चुकल्यावर ते सुधारले, ते फार थोड्यांना जमतं. सर, तुमचा शब्द खोटा पडला, पण तो तुम्ही एकट्यानं पाडला नाही. तारामतीबाईंचे उपकार, त्यांनी आम्हाला वेळेवर नसेल, पण तोंडावर सांगितलं. किशनराव, पुस्तकी बोलणं मध्येच सुटलं, ते तुम्ही सांभाळून घ्या. बाकी कुणाला माझा शब्द लागला असेल तर पोटात घाला. ज्यांची पोटं भरलेली आहेत त्यांनी आधी घाला.

आता उठायचं. सिंधु, कढई पुढं आण. पोरींनो, हातातले तांबे खाली ठेवा अन् पहिल्या पंगतीला बसा. खुर्चीवरचे बापे वाढायला घेतील. सर, तुम्ही लिंबाच्या फोडी वाटा. चहा कुणी आणायचा नाही. उद्या पारावर कुणी विचारील, पाहुण्यांच्या आधी पोरी कशा जेवल्या, अन् सोमवारी नदीत पोरी पुन्हा कशा पळाल्या. तेव्हा पोरींनी तोंड उघडायचं नाही, सिंधुनं नाही, मीही नाही. सभेचे अध्यक्ष ते, मेथीही त्यांचीच, तेव्हा उत्तर चंद्रप्पा भावजींनी द्यायचं.