घर दिसल्यानंतरचा एक तास

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर विराजमान असलेल्या प्रमुख पाहुण्या, आमच्या मुख्याध्यापिका, संस्थेचे पदाधिकारी, सहकारी शिक्षक आणि शिक्षकेतर बंधुभगिनींनो, पालकहो, मागच्या बाकांवर एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे बसलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो, आणि आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या भाषेच्या बाई,

मुख्याध्यापिकाबाईंनी मला बजावलंय, "सर, थोडक्यात बोला." खरं तर विज्ञानाच्या शिक्षकाला हे सांगावं लागत नाही. व्याख्या, आकृती, निष्कर्ष, झालं आमचं. पण आज माझा नाइलाज आहे. घंटा वाजवायची झाली तर खुशाल वाजवा, मी राग मानणार नाही.

बाई, मुलं तुम्हाला पाठीमागे काय म्हणतात हे ठाऊक आहे ना? जंगलबाई. आणि का म्हणू नयेत? बाईंच्या नववीच्या वर्गात दर आठवड्याला कोणी ना कोणी हरवलेलं असतं. कोणी बर्फात अडकतं, कोणाची होडी फुटते, कोणी वाळवंटात वाट चुकतं. अशा तगून राहिलेल्या माणसांच्या गोष्टी बाई इतक्या रंगवून वाचतात की शेजारच्या वर्गातली माझी मुलं भिंतीला कान लावून बसतात. आणि ऐन मोक्याला बाई पुस्तक मिटतात. "आता पुढचं तुम्ही लिहा." याच बाई शिक्षकांच्या खोलीत पाल दिसली की खुर्चीवर चढतात, हेही सभागृहाला कळायला हवं. बाई, डोळे वटारू नका, आज तुमचा सत्कार आहे.

त्यांच्या लेखनाच्या तासाची एक पद्धत आहे. आधी सगळ्यांनी खिसे बाकावर रिकामे करायचे. रुमाल, खोडरबर, चुरगाळलेला कागद, जे निघेल ते. गोष्टीतल्या माणसाजवळ तेवढंच सामान. 'तेवढ्यात' या शब्दाला वर्गात बंदी. तेवढ्यात हेलिकॉप्टर आलं, तेवढ्यात शिकारी आला, असलं काही चालणार नाही. आणि एका बैठकीत त्या माणसाचा फक्त पुढचा एक तास लिहायचा, त्याच्यापलीकडे जायचं नाही. "त्याला रडू येत असेल तर रडू द्या," बाई सांगतात, "पण हातांना काम द्या."

यात माझा संबंध कुठे आला? तर गोष्टीत शास्त्राचा मुद्दा निघाला की मुलाची रवानगी माझ्या प्रयोगशाळेत. एकदा एका पठ्ठ्यानं खिशातला स्वतःचा चष्मा काढून गोष्टीत आग पेटवली. मी म्हटलं, "बाळा, लांबचं दिसत नाही म्हणून लावतात तो चष्मा हा. हा किरण पसरवतो, गोळा करत नाही. याच्यानं आग काय, कागद कोमटसुद्धा होणार नाही." पठ्ठ्या विचारतो, "मग सर, चाळिशीचा चालेल?" मी भाबडेपणानं म्हटलं, "ऊन कडक असेल तर चालावा." झालं! पुढच्या तासाला निम्म्या वर्गाचे नायक आजोबांना घेऊन हरवले. बाई तरातरा प्रयोगशाळेत आल्या. "सर, माझ्या जंगलात तुम्ही वृद्धाश्रम उघडलात! खिशात आजोबा मावतात का?"

हसा, हसा. मीही आत्तापर्यंत हसतच सांगत होतो. आता जे सांगणार आहे ते सांगू का, असं मी घरी विचारून आलोय. परवानगी मिळाली आहे.

माझी मुलगी नववीत बाईंच्या वर्गात होती, त्याच वर्षी तिची आई गेली. आजारपण लांबलं नाही. सावरायला वेळच मिळाला नाही म्हणा. त्यानंतर शाळा सुटली की मुलगी वाचनालयात बसायची आणि मी प्रयोगशाळेत. मला वाटायचं, पोर अभ्यासात मन रमवतेय, उठवू कशाला? तिला वाटायचं, बाबाला काम आहे, थांबलेलं बरं. मी काय काम करत होतो? धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धूत होतो. अंधारायला लागलं की आम्ही निघायचो, वाटेत काहीतरी खायचो आणि घरी जाऊन आपापल्या खोलीत शिरायचो. एका घरात राहून आम्ही एकमेकांना चुकवत होतो. हे तेव्हा आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

एका लेखनाच्या तासाला मुलीच्या खिशातून घराची किल्ली निघाली. वर्ग हसला. जंगलात किल्ली काय कामाची? पण तिनं गोष्ट सांगायला घेतली आणि मुलं पुढे सरसावून ऐकू लागली. जंगलातली मुलगी किल्लीनं झाडांवर खुणा करते, कंद उकरते, दगडाखालचं झऱ्याचं पाणी मोकळं करते. चालता चालता झाडी संपते आणि समोर तिचं घर दिसतं. आणि ती मागे वळून पुन्हा जंगलात शिरते.

मुलं ओरडली, "बाई, हे चुकलंय! घर दिसल्यावर कोणी परत फिरतं का?"

बाई म्हणाल्या, "फिरतं. का फिरली ते आपण तिलाच विचारू."

मुलगी म्हणाली, "आत कोणी नाहीये."

बाईंनी तिला जवळ घेतलं नाही. उपदेश केला नाही. एवढंच म्हणाल्या, "बरं. मग आत गेल्यावरचा पहिला तास लिही." मुलगी म्हणाली, "मला नाही येत. तिथे काय करतात ते मला माहीत नाही."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई माझ्याकडे आल्या. मी अर्थातच नळ्या धूत होतो. "सर, एक शास्त्रीय शंका आहे. एखादं घर पुष्कळ दिवस बंद असेल, तर आत गेल्यावर पहिल्यांदा काय करावं?"

मला वाटलं, नेहमीसारखीच कुणाची तरी गोष्ट अडली असेल. मी म्हटलं, "खिडक्या उघडाव्यात. हवा खेळती व्हायला हवी."

"मग?"

"नळ सोडून ठेवावा, आधी गढूळ पाणी येतं. मग चूल पेटवावी, काहीतरी शिजत ठेवावं. वासानं घर जागं होतं."

"आणि एकट्यानं जावं की कुणाला सोबत घ्यावं?"

मी म्हटलं, "सोबत असलेली बरी."

बाई म्हणाल्या, "मग सर, हात पुसा. ती वाचनालयात बसली आहे. तिच्या गोष्टीतलं घर तुमचं आहे."

मंडळी, मी तिथेच, त्या ओल्या हातांनी, रडलो. बाईंनी मला रडू दिलं आणि तेवढ्यात सगळ्या नळ्या फडताळात लावून टाकल्या. हो, मी 'तेवढ्यात' म्हणालो, बाई. वर्गाबाहेर चालत असावं.

आम्ही बापलेक दिवसाउजेडीच घरी गेलो. दारात मुलीनं किल्ली माझ्यापुढे धरली. "बाबा, तू उघड." मी म्हटलं, "आपण पुढच्या एका तासापुरतंच बघू. नाही जमलं तर परत शाळेत जाऊ. पहारेकरी माझ्या ओळखीचा आहे." ती हसली नाही, पण किल्ली तिनंच लावली. आम्ही खिडक्या उघडल्या. "आता घर जागं करू," म्हणत मी गॅसवर अंडी उकडत ठेवली. खुर्चीच्या पाठीवर हिची शाल अजून तशीच होती. मुलीनं ती उचलली, नाकाशी धरली आणि मोठ्यानं रडली. मीही तिच्याबरोबर रडलो. तोपर्यंत आईबद्दल आम्ही एकमेकांसमोर रडलो नव्हतो हो! आणि त्या नादात गॅसवरच्या भांड्यातलं पाणी आटलं, अंडी फुटली, घरभर जळका वास. मुलगी डोळे पुसत म्हणाली, "बाबा, विज्ञानाचा शिक्षक ना तू? घर जागं करायचं म्हणालास, तू तर शेजाऱ्यांना जागं केलंस!" आम्ही हसलो. मग तीच जळकी अंडी मिठाबरोबर खाल्ली आणि उशिरापर्यंत आईबद्दल बोलत बसलो.

बाई, आज सगळ्यांनी सांगितलं की तुम्ही मुलांना गोष्ट कशी रचायची, कुठे थांबवायची, कुठून सांगायची ते शिकवलंत. ते खरंच आहे. त्यातल्या काहींचं लेखन आज छापून येतं, त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण मला ते सांगायचं नव्हतं. माझ्या मुलीची गोष्ट तुम्ही स्वतः पुरी केली नाहीत. चार सुंदर वाक्यं सांगून मोकळं होणं तुम्हाला किती सोपं होतं! तुम्ही जिला सोबत हवी होती तिच्याकडे सोबत पाठवलीत, आणि स्वतः बाजूला झालात. आम्हाला घर परत मिळालं, ते तुमच्यामुळे.

अध्यक्षमहोदयांनी घड्याळाकडे पाहिलेलं मी पाहिलं. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचा उल्लेख राहिला असेल, काही जास्त बोलून गेलो असेन, तर घरचा माणूस म्हणून सांभाळून घ्या. आणि बाई, त्या संध्याकाळी मी तुमचे आभार मानायचे विसरलो. पोरीला घरी न्यायची घाई होती.