विल्माबाईंचा दुसरा गट

सभेच्या अध्यक्ष, आमच्या विद्याशाखेच्या अधिष्ठाता डॉ. केरेकेश, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या सत्कारमूर्ती श्रीमती विल्मा बार्ता, आणि मागच्या टेबलावरच्या गरम पोगाचा-पावांवर डोळा ठेवून बसलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

माणूस काम का करतो? या एका प्रश्नावर मी सेगेद विद्यापीठाच्या या इमारतीत चाळीस वर्षं पोट भरलं. कुणी म्हणतं भुकेपोटी, कुणी म्हणतं भीतीपोटी, कुणी म्हणतं मानासाठी. माझं म्हणणं वेगळं होतं. ज्याला कामाची आतून ओढ आहे, त्याला शाबासकी दिली की ती ओढ आटते. टाळ्या नकोत, पुढचं ऐका.

हे सिद्ध करायला शहाण्णव साली मी प्रयोगशाळेतल्या आठ सहायकांचे दोन गट पाडले. चौघांचं रोज कौतुक करायचं, उरलेल्या चौघांच्या कामाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. विल्माबाई दुसऱ्या गटात. दहा आठवड्यांनी प्रयोग संपला. मग सगळ्यांना बसवून खरं काय ते सांगायचं, हा आमच्याकडचा नियम. मी सांगितलं. त्या दिवशी विल्माबाई माको गावी होत्या, आईच्या अंत्यविधीला. म्हटलं, आल्या की सांगू.

राहूनच गेलं. आणि खरं बोलू? मी कौतुक न करताही त्या चोख काम करत होत्या, ते माझ्या पथ्यावरच पडलं. वर्गात मी त्यांचा दाखला देत असे! पुढे त्यांनी स्वतःचा प्रबंध वाचायला दिला. मी दोनदा वाचला, स्वल्पविराम दुरुस्त केले आणि परत दिला. त्यांनी तो कधी सादर केला नाही. का, हेही मी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात या भाषणासाठी जुने कागद चाळताना गटांची यादी हाती लागली आणि त्यांना सांगायचं राहिलं होतं ते आठवलं. तडक त्यांच्या खोलीत गेलो. त्या खोक्यात पुस्तकं भरत होत्या.

"विल्माबाई, तुम्ही त्या दुसऱ्या गटात होतात हो!"

"माहितेय की. यादी तुमच्या टेबलावर उघडीच पडलेली असायची."

"अहो, पण प्रयोग तेव्हाच संपला!"

"बाकीच्यांचा संपला, हे कळलं होतं. मला वाटलं, माझा मुद्दाम पुढे चालू ठेवलाय."

"मग अठ्ठावीस वर्षं विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तुमचा प्रयोग नासला असता ना, सर."

"आणि प्रबंध?"

त्यांनी खोक्याला चिकटपट्टी लावली. म्हणाल्या, "प्रयोग म्हणून गप्प आहात की प्रबंधच टाकाऊ आहे म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. ठेवला कपाटात."

प्रबंध उत्तम होता, विल्माबाई. या इमारतीत लिहिल्या गेलेल्या सगळ्या प्रबंधांत उत्तम, माझा धरून. एवढं बोलायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. याची मला लाज वाटते.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, स्वयंपाकघरातल्या मंडळींनी सकाळपासून राबून खाणं केलं, सर्वांचे आभार. भाषणात काही उणंअधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. बाकीचं मात्र, विल्माबाई, तुम्ही माफ करू नका. मला माहीत आहे, तुम्ही लगेच कराल, तेही माझी सोय म्हणून. निदान या एका वेळी माझी सोय पाहू नका.