रजनीकाकूंचा कान

प्राजक्ताच्या लेकीचं बारसं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. बाळाचा कान ठणकत होता म्हणून ती सिल्वासाला कानाच्या दवाखान्यात बसली होती. शेजारी तिच्याच डोकमर्डीच्या गल्लीतले वसंतराव आणि रजनीकाकू. वसंतरावांना ऐकू कमी, त्यामुळे दोघांचं बोलणं सगळ्या बाकाला ऐकू जात होतं.

"पिस्टन नवा, रिंगा नव्या. स्कूटरचं इंजिन मी घरीच बांधलं. आता आवाज ऐकत कार्बोरेटरचा स्क्रू तेवढा लावायचा राहिला."

"कानाला मशीन लावा, मग तुमचा तुम्ही लावा."

"मशीन कशाला? तू आहेस की. तू हात वर केलास की मी थांबतो."

"काल केला होता, तरी आवळतच होतात!"

"तू खोकत होतीस. मला वाटलं, आणखी आवळा म्हणतेस."

"अहो, राखोलीच्या कंपनीतून यायचात, तेव्हाचा आवाज माझ्या कानात आहे. वळणावर आला की मी चहा टाकायचे."

"मग तोच आवाज लावू."

"लावू. पण तो तुम्हालाही ऐकू यायला हवा. माझे कान कुठवर पुरणार?"

"वसंतराव, आत या!"

"काय म्हणाली गं ती नर्स?"

"बोलावलंय. उठा, हात द्या."

पुढच्या रविवारी गल्लीच्या वळणावर स्कूटर वाजली. रजनीकाकूंनी चहा टाकला.

त्याच वर्षी, कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, रजनीकाकू गेल्या.